टर्बो दहाचाकीची बेस सेटिंग कुठून सुरू करावी? इंजिन नवं बांधलं तरी मांजरसुंब्याचा घाट चढंना

अंबडची_दहाचाकी

राम राम मंडळी. प्रश्न लांब आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळतं, म्हणून सगळंच लिहितो.

गाडी २००६ ची दहाचाकी ट्रक. इंजिन कमिन्सचं सिक्स बीटी, ५.९ लिटर, टर्बो आहे, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) नाही. पंप जुना इनलाइन, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर असलं काही नाही. वडिलांनी घेतलेली गाडी, पाच वर्षांपासून स्टेअरिंग माझ्याकडं आहे. जालन्यातून सळई भरायची, सोलापूरला उतरवायची, येताना मिळंल ते भाडं. वडीगोद्री, शहागड, गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा, येरमाळा हा रस्ता तोंडपाठ आहे. कुठल्या चढाला गाडी कोणत्या गिअरमध्ये यायची ते मला आवाजावरून कळतं.

दिवाळीनंतर इंजिन बांधलं. ब्लॉकला बोअर मारला, पिस्टन, रिंगा, बेअरिंगा नव्या, हेड फेस केलं, नोझल नवे, पंप बेंचवर (पंप तपासून लावायच्या मशीनवर) नेला, टर्बोची कोअर (आतला पंखा-शाफ्ट) बदलली. दोन लाखांच्या वर गेले. घरात सोयाबीनचे पैसे आले होते तेपण त्यातच घातले.

आता त्रास असा. रिकामी गाडी चांगली पळते. माल भरला की १२०० ते १५०० आरपीएमच्या रेसमध्ये काळा धूर मारायलीय आणि ओढच नाही. मांजरसुंब्याचा घाट बीडकडून चढताना आधी तिसऱ्यात जायची, आता दुसऱ्यात टाकावी लागते, त्यातही काटा गरम पट्ट्याकडं सरकतो. सकाळी चालू केली की चार-पाच मिनिटं पांढरा धूर, डोळ्याला झोंबणारा. ॲव्हरेज चारच्या आसपास होतं, आता तीनपण पुरं मिळंना.

ज्या गॅरेजला काम केलं तिथं परत नेली. त्यांनी पंपाचं सील काढून डिझेलचा स्क्रू वाढवून दिला. दोन दिवस वाटलं सुधारली. मग धूर अजून वाढला, गरम अजून व्हायली. आता एकजण म्हणतो अजून अर्धा आटा दे, दुसरा म्हणतो टर्बोच मोठा बसव.

मला अंदाज नको, मूळ सेटिंग पाहिजे. सुरुवात कुठून करायची, कोणता आकडा किती ठेवायचा, कशानंतर काय बघायचं. पान्हे, फिलर गेज, टॉर्क रेंच आहे. आमच्या गावात एक जुने उस्ताद आहेत, ते सोबत बसायला तयार आहेत. माहीत असलेल्यांनी मन लावून सांगा.


स्टेअरिंग_गेवराई

भाऊ, पहिलं सांगणं, अशा सेटिंगवर भरलेली गाडी घाटाला घालू नको. चार खेपा सोड.

माझ्या टाटा सोळाशे तेरा ट्रकला असंच डिझेल वाढवून दिलं होतं. पहिले आठ दिवस मी खूश होतो, येरमाळ्याला भरलेल्या गाड्या मागं टाकायचो. नवव्या दिवशी चढावरच आवाज बदलला, ऑइल टाकायच्या तोंडातून धूर भसाभसा यायला लागला. हेड काढलं तर चार नंबरच्या पिस्टनला माथ्यावर भोक. कडा वितळून गोळा झालेल्या. तो पिस्टन अजून माझ्या घरी फळीवर ठेवलेला आहे.

दुसरं, इंजिनाला हात लावायच्या आधी गाडी ओढायचं कारण इंजिनच आहे का ते बघ. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून थांब आणि सगळ्या हबांना हात लावून बघ. एखादा हब बाकीच्यांपेक्षा चटका देणारा निघाला तर ब्रेक धरतोय. एक्झॉस्ट ब्रेकची पाकळी (सायलेन्सरच्या पाइपातली झडप) पूर्ण उघडते का तेपण बघ. माझ्या मेव्हण्याची गाडी दोन महिने त्या एका पाकळीपायी रडत होती, सगळे पंपालाच दोष देत होते.


बीडचा_मिस्त्री

दादा, गेवराईकरांनी बरोबर सांगितलं, हब आणि एक्झॉस्ट ब्रेक आधी बघून घे. मी सव्वीस वर्षं हेच काम करतोय, त्यातलं सिक्स बीटीचं बरंच केलंय, म्हणून सविस्तर लिहितो. तुझं इंजिन वाया गेलेलं नाही. तू जे लिहिलंय त्यावरून दोन वेगळे आजार एकत्र आहेत असं मला वाटतं, आणि तिसरा त्या स्क्रूनं तयार केलाय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि धूर न मारता जळायला त्याहूनही बरीच जास्त लागते. टर्बो आहे तो हीच जास्तीची हवा भरायला. गाडी ओढत नाही म्हणजे डिझेल कमी आहे असं नसतं. बहुतेक वेळा हवा कमी असते नाहीतर डिझेल चुकीच्या वेळेला जातं. अशात डिझेल वाढवलं की न जळलेला भाग काळा होऊन बाहेर पडतो आणि उष्णता पिस्टनच्या माथ्यावर बसते. म्हणून माझ्याकडं क्रम ठरलेला आहे. आधी हवा, मग टॅपेट (वाल्व आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट), मग टायमिंग (डिझेल सुटायची वेळ), मग नोझल, आणि डिझेलला हात सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. दोन गोष्टी एकदम केल्यास तर कशानं फरक पडला ते कधीच कळत नाही.

हवेपासून धर. एअर फिल्टर काढ, उन्हाकडं धरून बघ. आपल्याकडं काळ्या मातीचा धुरळा इतका बारीक असतो की वरून फिल्टर स्वच्छ दिसतो आणि आत कागद गच्च झालेला असतो. शंका आली तर नवाच टाक, फुंकून परत बसवू नको. मग टर्बोचा होस काढ, पुढचा पंखा बोटानं फिरव, घरंगळत फिरला पाहिजे, कडेला घासल्याची चकाकी दिसता कामा नये. कोअर नवी आहे तरी बघ. चकाकी दिसली तर पुढचं सगळं थांबव.

आता खरी परीक्षा. टर्बोच्या हवा ओढायच्या तोंडाला लाकडाचा नाहीतर लोखंडाचा गोल बूच कर, त्याला हवा भरायचा व्हॉल्व्ह लाव, क्लिपनं घट्ट आवळ आणि कॉम्प्रेसरनं १ बारपर्यंतच हवा सोड. जास्त नको, आणि बूचासमोर तोंड धरून उभा राहू नको, निसटला तर गोळीसारखा येतो. मग साबणाचं पाणी घेऊन टर्बोपासून मेनिफोल्डपर्यंत प्रत्येक जोडावर ब्रश फिरव. थोडी हवा उघड्या वाल्वातून आत जाणारच, तो फुसफुस आवाज ब्रीदरकडून किंवा सायलेन्सरकडून येतो, त्याला घाबरू नको. जोडावर फुगा दिसला की तिथं गळती. टर्बो आणि मेनिफोल्डच्या मधल्या पाइपाच्या रबरी होसला खालच्या बाजूनं चीर पडते, वरून हात फिरवला तर सापडत नाही. आरसा घे, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा खाली घालून बघ.

त्याच वेळी मेनिफोल्डपासून पंपाच्या मागच्या डब्याकडं जाणारी बारीक नळी बघ. त्या डब्यात रबरी पडदा आहे, आम्ही त्याला एनेरॉइड म्हणतो. टर्बोचा दाब येईपर्यंत तो डिझेल रोखून धरतो, दाब आला की मोकळं सोडतो. नळी चिरली, चोंदली किंवा पडदा फाटला तर पंपाला दाब आल्याचं कळतच नाही, गाडी कायम अर्धपोटी राहते. उलट कुणी तो डबाच छेडला असंल तर दाब यायच्या आधीच डिझेल ओतलं जातं. तुझा १२०० ते १५०० चा काळा धूर यातलाही असू शकतो. नळी काढून तोंडानं फुंकर मार, मोकळी आहे का बघ, मग पडद्याकडच्या टोकाला हलका दाब देऊन तो धरतो का बघ.

मग टॅपेट. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, रात्रभर उभी गाडी सकाळी घे. सिक्स बीटीला इनलेट ०.२५ मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर. हे दोन आकडे वेगळे आहेत, इथंच लोक फसतात. देशी गाड्यांच्या सवयीनं दोन्हीकडं एकच पट्टी घालतात. एक्झॉस्ट ०.२५ वर राहिला तर गरम झाल्यावर वाल्व पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि पुढं वाल्वची कड जळते.

गिअर हाउसिंगच्या मागच्या अंगाला, पंपाच्या खाली, बोटाएवढी एक टायमिंग पिन आहे. फ्लायव्हील सावकाश फिरवत ती आत दाबून धर, एका जागी ती टक्कन आत जाते. ती कॅम गिअरच्या भोकात बसते, म्हणजे एक नंबर कॉम्प्रेशनवर आला. तरी एक नंबरचे दोन्ही रॉकर हातानं हलवून बघ, दोन्ही सैल पाहिजेत. या जागी एक नंबरचे दोन्ही, दोनचा इनलेट, तीनचा एक्झॉस्ट, चारचा इनलेट आणि पाचचा एक्झॉस्ट एवढे लाव. मग पिन बाहेर ओढ, विसरू नको, पिन आत ठेवून फ्लायव्हील फिरवलं की ती मोडते. क्रँक बरोबर एक पूर्ण फेरा फिरव आणि उरलेले लाव: दोनचा एक्झॉस्ट, तीनचा इनलेट, चारचा एक्झॉस्ट, पाचचा इनलेट, सहाचे दोन्ही. पट्टी ओढताना मधात बोट बुडवून काढल्यासारखी किंचित अडली पाहिजे, दाटून बसायला नको. नट आवळल्यावर परत एकदा पट्टी घाल, आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो.

टायमिंग उद्या लिहितो, आत्ता गिऱ्हाईक उभं आहे. पण सकाळचा पांढरा, झोंबणारा धूर आणि वर चढाला गरम होणं, हे मला टायमिंग मागं पडल्याचं लक्षण वाटायलंय. डिझेल उशिरा सुटलं की थंडीत ते नीट पेट घेत नाही आणि चढाला पिस्टन खाली निघाल्यावर जळत राहतं, ओढ जाते आणि सगळी आग एक्झॉस्टमध्ये निघते.


पंपरूम_लातूर

मी पंपाचं काम करतो म्हणून तेवढंच बोलतो.

बेंचवर पंप लावला की प्रत्येक एलिमेंट (एका सिलिंडरला डिझेल देणारा पंपाचा भाग) १००० स्ट्रोकला किती सीसी डिझेल सोडतो ते मोजतात. ते ठरावीक आरपीएमला मोजतात, दाब नसताना वेगळं आणि एनेरॉइडला दाब देऊन वेगळं. त्याचा कागद मिळतो. दादा, तुझ्याकडं तो कागद आहे का? नसंल तर पंप बेंचवर खरंच लागला होता का, हा पहिला प्रश्न. साफ करून, सील मारून परत देणारेही आहेत. माझ्याकडं असे पंप महिन्याला दोन-चार येतात आणि मालकाला काही माहीत नसतं, वाईट वाटतं.

गाडीवर स्क्रू फिरवला की सहाही एलिमेंटचं डिझेल एकदम वाढतं, पण किती वाढलं ते गाडीवर कुणालाच मोजता येत नाही. अर्धा आटा म्हणजे किती सीसी, हे कुणी छातीठोक सांगत असंल तर ऐकू नको. आता तो स्क्रू मागं घ्यायचा म्हटलं तरी मूळ खूण गेलेली आहे, म्हणून पंप एकदा बेंचवर न्यावाच लागंल. पण मिस्त्री म्हणतात तसं तो शेवटीच. आधी गळती आणि टायमिंग काढ, नाहीतर पंप बरोबर लागूनही गाडी ओढणार नाही आणि दोष परत पंपावर येईल.

नोझलचं एक बघ. नोझल काढलास की खाली तांब्याचा वायसर एकच आहे का, आणि जाडी बरोबर आहे का. जुना वायसर हेडमध्ये चिकटून राहतो, वरून नवा बसवतात, मग दोन होतात. नोझल तेवढा वर राहतो, फवारा पिस्टनच्या वाटीत पडायच्या ऐवजी वर हेडकडं जातो. काळा धूर येतो आणि कारण सापडत नाही. टॉर्च लावून आत बघ, तारेच्या आकड्यानं खरवडून बघ. नोझल टेस्टरवर सहाही फवारे सारखे, बारीक, थेंब न टिपकणारे पाहिजेत.

ज्यांच्या पंपाला टायमिंग पिन नाही त्यांच्यासाठी: पहिल्या एलिमेंटचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून वाकडी नळी लावायची, डिझेल वाहतं ठेवायचं, फ्लायव्हील सावकाश फिरवत धार तुटून थेंबावर येते आणि थेंब थांबतो ती जागा धरायची. ती जागा फ्लायव्हीलच्या डिग्रीशी जुळवायची. इंजिनाच्या पाटीवर किंवा मॅन्युअलमध्ये आकडा असतो, तोच धरा, शेजारच्या गाडीचा धरू नका.


अंबडची_दहाचाकी

काका, पंपरूमवाले दादा, दोघांचे आभार. आज उस्तादांबरोबर सकाळी सहाला बसलो. जे सापडलं ते लिहितो.

हब सगळे सारखे गरम, एक्झॉस्ट ब्रेक ठीक. एअर फिल्टर नवा टाकला. हवा भरून बघितली तर टर्बोच्या वरच्या होसला, क्लिपच्या अगदी कडेला, खालून अडीच इंचाची चीर. साबणाचा फेस नुसता उकळल्यासारखा होत होता. हाताला कधीच लागली नसती. होस आणि दोन्ही क्लिपा नव्या टाकल्या. बारीक नळी मोकळी आहे, पडदा दाब धरतो.

टॅपेट बघताना उस्तादांनी कपाळाला हात लावला. बाराच्या बारा ०.२५ वर लावलेले होते. एक्झॉस्ट तुम्ही सांगितल्याप्रमाणे ०.५१ केले.

पंपाच्या बेंचचा कागद मला मिळालेलाच नाही. फोन केला तर म्हणाले, कागद देत नसतो.

टायमिंग आता सांगा. पंपाच्या अंगाला, इंजिनाकडच्या बाजूला एक बूच आहे, आत पिन असते असं उस्ताद म्हणतात. पण त्यांना या पंपाचा अनुभव नाही, म्हणून थांबलो. गाडी अजून भरली नाही.


बीडचा_मिस्त्री

थांबलास ते चांगलं केलंस.

उस्ताद बरोबर सांगतायत. ते बूच खोल, आत एक छोटी पिन आहे. तिचं एक टोक खाचेचं, एक साधं. नेहमी ती उलटी ठेवलेली असते, खाच बाहेरच्या बाजूला. ती काढून ठेव. इंजिन मघासारखं टायमिंग पिनवर आण, एक नंबर कॉम्प्रेशन. आता पंपाच्या भोकात टॉर्च मारून बघ, आत शाफ्टवर एक दात दिसंल. तो बरोबर भोकाच्या मध्यात पाहिजे. पिन सुलटी करून, खाचेचं टोक आत घालून बघ, खाच त्या दातावर बसली पाहिजे. बसली तर टायमिंग जागेवर. दात बाजूला दिसला तर पंप सरकलाय.

सरकतो कसा ते समजून घे, कारण याचं मूळ फिटिंगमध्ये आहे. या इनलाइन पंपाचा गिअर शाफ्टवर टेपरनं (निमुळत्या भागावर घट्ट दाबून) बसतो. ताकद त्या टेपरच्या पकडीवर असते. बसवताना टेपरला ऑइलचा बोटभर हात जरी लागला, किंवा नट टॉर्कशिवाय नुसता पान्ह्यानं आवळला, तरी गिअर जागेवर राहतो आणि शाफ्ट जोराच्या वेळी हळूच मागं घसरतो. आवाज होत नाही, काही मोडत नाही. नुसती ओढ कमी होते.

दुरुस्तीसाठी पंप उतरवायची गरज नाही. गिअर कव्हरला पुढून गोल झाकण आहे, ते काढलं की नट दिसतो. नट आणि वायसर काढताना खाली चिंधी कोंब, वायसर आत पडला तर सगळं कव्हर उतरवावं लागंल. पुलर लावून गिअर टेपरवरून सुटा कर, पूर्ण बाहेर काढायचा नाही. मग पंपाचा शाफ्ट फिरवून पंपाची पिन दातावर बसव. इंजिन त्याच्या पिनवर आहेच. आता टेपरच्या दोन्ही बाजू ब्रेक क्लीनरनं धू, कोरड्या कपड्यानं पूस, परत धू. बोट फिरवलं तर करकर वाजलं पाहिजे. गिअर दाबून बसव, नट आधी हलका आवळ. मग दोन्ही पिना काढ, आणि नंतर मॅन्युअलच्या टॉर्कला पूर्ण आवळ. पंपाची पिन उलटी करून परत बुचात ठेव. सुलटी राहिली आणि सेल्फ मारला तर पंपाचं आतलं मोडतं, हे दोनदा तपास.

टायमिंग मुद्दाम पुढं घ्यायचा मोह करू नको. पुढं घेतलं की इंजिन कडक वाजतं, ओढ चांगली वाटते, पण सिलिंडरमधला दाब वाढतो आणि हेड गॅस्केट जाते. नवं बांधलेलं इंजिन आहे तुझं.

पंप बेंचवरून आल्यावर लगेच दोन घड्याळं बसव, बूस्टचं (टर्बोच्या हवेच्या दाबाचं) आणि एक्झॉस्टच्या तापमानाचं. तापमानाचा प्रोब टर्बोच्या आधी मेनिफोल्डमध्ये लागतो, भोक पाडताना टर्बो उतरवूनच पाड, लोखंडाचा एक कीस पंख्यात गेला तर कोअर संपली. टर्बो परत चढवताना ऑइलच्या तोंडात ऑइल भर, स्टॉप ओढून ठेवून सेल्फ मार, ऑइलचा काटा उठला की मगच चालू कर. घाटात टर्बोच्या आधीचं तापमान ७०० अंशाच्या वर सतत राहायला नको, ६५० च्या आत राहिलं तर निर्धास्त. प्रोब टर्बोच्या मागं लावला तर आकडा बराच कमी दिसतो, त्यावर भरवसा ठेवू नको.


पंपरूम_लातूर

पंप आणशील तेव्हा इंजिनाच्या पाटीचा फोटो आणि पंपाच्या पाटीचा फोटो दोन्ही आण, तू कुठल्याही पंपरूमला गेलास तरी. आकडे त्या दोन पाट्यांवरूनच निघतात. कागद हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नको. सील नवं मारून घे. पीयूसीलाही तेच बरं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मापाबाहेर गाडीत बदल करायला परवानगी नाही, उद्या काही झालं तर विम्यावाला पहिलं हेच विचारंल.


अंबडची_दहाचाकी

दहा दिवसांनी लिहितोय, मुद्दाम दोन खेपा करून मग लिहायचं ठरवलं होतं.

पंपाच्या बुचात टॉर्च मारला तेव्हा दात भोकाच्या मध्यात नव्हताच. निम्म्याच्या वर एका कडेला गेलेला. पिन बसंना. उस्ताद म्हणाले, बघ, हे आहे तुझं दुखणं. गिअर पुलरनं सुटा केला तेव्हा टक् असा आवाज आला आणि मी आधी टेपरवर बोट फिरवलं. बोटाला ऑइल लागलं. काळं नाही, स्वच्छ पिवळं ऑइल, म्हणजे बसवतानाच लागलेलं. तीन वेळा धुतलं. तुम्ही म्हणालात तसं बोट करकर वाजेपर्यंत.

नोझल काढले. पाच ठिकाणी एक वायसर, सहा नंबरला दोन. खालचा हेडला इतका चिकटला होता की आकडा वाकवून वाकवून अर्ध्या तासानं निघाला.

पंप बेंचवर नेला. आधी जसा आहे तसा चालवून बघायला सांगितलं. फुल लोडचं डिझेल मापापेक्षा बरंच वर होतं, आणि दोन एलिमेंटमध्ये फरकही होता. आता सहाही सारखे, कागद माझ्याजवळ आहे, वहीत चिकटवून ठेवला.

डिझेल वाढवून गाडी ओढंना, आणि डिझेल कमी केल्यावर ओढायली. हे मी डोळ्यानं बघितलं नसतं तर मला पटलं नसतं.

चीर असलेला होस मी मुद्दाम ठेवला होता. घड्याळ बसवल्यावर तो परत लावून, थोडाच माल घेऊन अंबड ते वडीगोद्री एक फेरी मारली, फरक कळावा म्हणून. बूस्ट ०.४ बारच्या वर जाईना. होस बदलून तोच रस्ता, तोच माल, तोच गिअर: ०.९. गळतीची किंमत मला त्या एका काट्यानं दाखवली.

मग पूर्ण माल घेऊन सोलापूर. मांजरसुंब्याला बीडकडून लागलो तेव्हा सकाळचे साडेसात. खालूनच तिसरा टाकला आणि पाय एका जागी ठेवला. मधल्या वळणाला सवयीनं हात दुसऱ्याकडं गेला होता, पण रेस पडली नाही. तिसऱ्यातच वर आलो. तापमानाचा काटा ६२० ला जाऊन थांबला, पाण्याचा काटा जागचा हलला नाही. आरशात मागं बघितलं, दिसंल न दिसंल एवढी राखाडी रेघ. वर हॉटेलजवळ थांबलो, इंजिन तीन मिनिटं आयडलला ठेवलं आणि वडिलांना फोन लावून इंजिनाचा आवाज ऐकवला. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, राहू दे थोडा वेळ चालू.

दोन खेपांचं ॲव्हरेज ३.९ आलं. पीयूसीला धुराचा आकडा १.६, आपल्या जुन्या गाड्यांना मर्यादा २.४५ ची आहे. सकाळचा पांढरा धूर अर्ध्या मिनिटात जातो.

आता दोन शंका राहिल्यात. टॅपेट परत कधी बघू? आणि उन्हाळ्यात काही बदलावं लागतं का, कारण आता जानेवारी आहे आणि हे सगळे आकडे थंडीतले आहेत.


बीडचा_मिस्त्री

दादा, वाचून फार बरं वाटलं. वडिलांना माझा नमस्कार सांग.

टॅपेट पाच हजार किलोमीटरला परत बघ, थंड इंजिनावरच. हेड नुकतं बसलंय, वाल्व जागा धरतात, एक-दोन हलतातच. त्याच वेळी ती नवी होस-क्लिप एकदा आवळ, रबर बसलं की सैल पडते. ऑइल-फिल्टर आत्ताच बदल, नव्या रिंगांचा कीस पहिल्या ऑइलमध्ये येतो. आणि गाडी तासन्‌तास आयडलला उभी ठेवू नको, रिंगा बसायला भार लागतो. कारखान्याच्या रांगेत उसाच्या गाड्या रात्रभर चालू ठेवतात, तशा नव्या इंजिनाच्या रिंगा कधीच नीट बसत नाहीत.

उन्हाळ्याचं चांगलं विचारलंस. जानेवारीतल्या सकाळच्या १५ अंशाच्या हवेपेक्षा मे महिन्यातली ४२ अंशाची हवा आठ-नऊ टक्क्यांनी विरळ असते, आणि तुझ्याकडं इंटरकूलर नाही. डिझेल तेवढंच, हवा कमी, म्हणून तोच घाट, तोच माल, पण तापमानाचा काटा वर जाईल. त्यासाठी पंपाला हात लावायचा नाही. मे महिन्यात दुपारी घाटाला लागलास आणि काटा ६८० च्या पुढं सरकायला लागला की गिअर खाली घे, रेस वाढव, पाय थोडा उचल. रेस वाढली की टर्बो जास्त हवा देतो आणि काटा उतरतो. शक्य असंल तर बीड पहाटेच सोड.

मार्चमध्ये फिल्टर परत बदल आणि त्याच दिवशी वडीगोद्रीच्या रस्त्यावर तोच गिअर, तेवढाच माल घेऊन बूस्ट बघ. ०.९ च्या खाली आला तर आधी साबणाचं पाणी काढ.


अंबडची_दहाचाकी

वहीत लिहून घेतलं, काका. उद्या पहाटे चारला भरून निघतोय, बीडला सहाच्या आसपास पोचंल. तुमचं गॅरेज उघडं असंल तर दोन मिनिटं थांबून इंजिनाचा आवाज तुम्हाला ऐकवून जातो.